सासरेबुवांचा रिमोट

जावयाने ठरवलं ते एवढंच, की तळहाताएवढ्या ड्रोनसाठी नवा रिमोट घ्यायचा नाही. सासऱ्यांचा जुना रिमोट माळ्यावर धूळ खात पडलाच होता. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीला त्याच रिमोटवर छोटी विमानं उडवायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. जावई वजनमापे खात्यात कारकून. (सारी हयात लोकांचे तराजू तपासण्यात गेली, स्वतःचा काटा मात्र कधी जागेवर नसायचा.)

त्याने रिमोटच्या पाठीत ड्रोनला संदेश पाठवणारं नवं मॉड्यूल बसवलं, पण रिमोट आणि ड्रोनची ओळख काही पटेना. चार दिवस ड्रोनचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. रविवारी भरदुपारी, बायको इस्त्री करत असताना, तो दिवा एकाएकी स्थिर झाला.

"जमलं!"

"कपड्यांवर पाडू नका म्हणजे मिळवली," बायको म्हणाली.

ड्रोन गुडघाभर उठला, क्षणभर थबकला आणि कोणी हाक मारल्यासारखा डावीकडे सरकत खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेला. सासऱ्यांच्या खुर्चीपाशी. जावयाने रिमोटची दांडी उजवीकडे ओढली, तो आला. सोडली, तो परत गेला आणि खुर्चीच्या पाठीला टेकून गुणगुणत राहिला. इस्त्री शर्टावर तशीच राहिली. जळका वास सुटला, पण कोणी हललं नाही.

आतून सासूबाई आल्या. "दुपारचं तिथंच बसायचे," त्या हळूच म्हणाल्या.

जावयाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्याने रिमोट न्याहाळला. दांडीखालची बारीक पट्टी डावीकडे सरकवलेली, वर वाळलेल्या गोंदाचा थेंब. कुठल्याशा वाकड्या विमानासाठी सासऱ्यांनीच ती चिकटवली असणार, आणि तीच आता ड्रोनला डावीकडे खेचत होती. म्हणजे भूत नव्हतं, गोंद होता! सांगायला त्याने तोंड उघडलं, तर सासूबाई खुर्चीसमोर जमिनीवर बसलेल्या.

"अहो, त्या दिवशी सकाळी मी भांडले तुमच्याशी. रागावून नाही ना गेलात?"

आठ महिने त्या हा प्रश्न गिळून बसल्या होत्या. जावयाने उघडलेलं तोंड मिटलं, रिमोट पाठीमागे लपवला आणि अंगठ्याने दुसरी दांडी जराशी इकडे, जराशी तिकडे केली. ड्रोनने मान हलवली. नाही.

सासूबाईंनी डोळे पुसले. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मग एक सांगा. जावईबापूंबद्दलचं तुमचं मत आता तरी बदललं का हो?"

होकाराला कुठली दांडी? जावई गडबडला. त्याचा अंगठा पाठीमागे हवेतच चाचपडत होता, तेवढ्यात ड्रोन आपण होऊन सावकाश वळला. जावयाकडे तोंड करून थांबला. आणि ठामपणे, दोनदा, मान हलवली. नाही. नाही.

"मी... मी हातसुद्धा लावला नव्हता!" जावई किंचाळला.

बायकोने ड्रोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मला मघापासून शंका होती," ती म्हणाली. "आता खात्री पटली. बाबाच आहेत."