नरहरकाकांचं स्पॅनिश दुकान

आमच्या जामबागेतल्या गल्लीत एके काळी चार वर्षांचं पोर चिंचोके मागायला आलं, तरी स्पॅनिशमध्ये घासाघीस करायचं. ही सगळी करणी नरहरकाकांची.

काका आमच्या समोर राहायचे. तरुणपणी एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरी धरून ते पनामाला गेले आणि उतारवयात, मुलाला तिथेच गल्ल्यावर बसवून परतले. येताना सामान थोडं आणि भाषा भरपूर आणली. पण ती बोलणार कोणाशी? दूधवालीशी तेलुगू, कचेरीत उर्दू, घरात मराठी, एवढ्यातच आमची दमछाक. म्हणून काकांनी शाळेत न जाणारी पोरं धरली. शाळेत गेलेलं पोर चुकायला लाजतं, ते आपल्या कामाचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

ओट्यावर रोज दुकान मांडलं जायचं. वांगी, वाट्या, कधी माझं लाटणंसुद्धा. "कुआंतो कुएस्ता?" म्हणजे केवढ्याला, असं विचारल्याशिवाय वांगं हातात मिळायचं नाही. काकांनी भाव सांगितला की पोरांनी कपाळाला हात लावून "कारो, कारो", फार महाग, असं ओरडायचं आणि निघून जायचं नाटक करायचं. काका धावत मागे. शेवटी चिंचोक्यांत सौदा मिटायचा. भाषा कशी शिकवता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "शिकवतो कुठं? दुकान चालवायलोय."

यात एक गोम होती. काकांना भाषा आली ती गल्ल्यामागे उभं राहून, त्यामुळे पोरांनाही सगळं बाजाराचंच येई. माझी लेक कुसुम सासूबाई दिसल्या की कमरेत वाकून, या बाईसाहेब, आज स्वस्त आहे, असं स्पॅनिशमध्ये म्हणायची. सासूबाई तिला आशीर्वाद द्यायच्या.

तिकडे देश स्वतंत्र झाला आणि इकडे संस्थानात रझाकारांचे दिवस आले. गल्लीतली घरं एकेक करून सोलापूरकडे निघाली. ओट्यावरची गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. आमचीही बांधाबांध सुरू झाली, तेव्हा काका दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"वहिनी, कुसुमला तिकडंही खेळवत राहा. विसरू देऊ नका. माझी नात येणार आहे."

सून तिकडचीच, ती वारली होती. मुलाला दुकानातून सवड नाही; पोर आईच्याच भाषेत वाढलेली, मराठीचं अक्षर येत नाही. ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिला बोटीनं पाठवायचं ठरलं होतं, पण इकडे नाकेबंदी, गाड्यांचा भरवसा नाही. ती येईल की नाही हेच काकांना ठाऊक नव्हतं. आली तर म्हाताऱ्याशी काय बोलणार, तिला तिच्या वयाचं कुणी पाहिजे, एवढंच ते सांगत राहिले. सोलापूरला मी स्वतः पोळपाटावर रोज दुकान मांडलं, पण काकांसारखं मला ओरडता येत नसे.

पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, आम्ही परतलो. थंडीत काका नामपल्ली स्टेशनवरून नातीला घेऊन आले. एलेना. मोठाले डोळे आणि मिटलेलं तोंड. काका तिच्याशी तिच्या भाषेत बोलत, ती भिंतीकडे बघे. नीट जेवेना. एवढा गडगडाटी माणूस, पण घरात पाय न वाजवता चालू लागला.

मग मी कुसुमला घेऊन गेले आणि त्यांच्या ओट्यावर वांगी मांडली. एलेना उंबऱ्यावर बसली होती. कुसुम तिच्यापुढे कमरेत वाकली आणि म्हणाली, "पासे, सेन्योरा. बारातो, बारातो."

एलेनाला आजवर कुणी बाईसाहेब म्हटलं नसावं. पोरगी आधी टकमक बघत राहिली, मग खुदकन हसली. उठून आली, कुसुमचे उच्चार सुधारले आणि तिला बाजूला सारून स्वतः दुकानात बसली.

काका दाराआड उभे होते. त्यांना तिनं हाक मारली, एक वांगं पुढे केलं आणि दणदणीत भाव सांगितला. काकांनी कपाळाला हात लावला. "कारो" म्हणाले, पण निघून जायचं नाटक त्यांना जमलं नाही.

"काका, बोलली की तुमच्याशी," मी म्हटलं.

"हौ, बोलली. सेन्योर म्हणाली मला, साहेब," वांगं छातीशी धरून काका म्हणाले. "आज गिऱ्हाईक तर झालो, वहिनी. आजोबा व्हायला सवड आहे."