नदीत पाहुणा येत नाही

या सुट्टीत एकही पाहुणा येणार नाही, असं लुत्फीने छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा बायकोने, सौसनने, तो हात उचलून खाली ठेवला. छातीवर हात ठेवून येईल-जाईल त्याला बोलवायची सवय हेच तर मूळ दुखणं होतं.

कैरोच्या शुब्रा भागात लुत्फीचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानावरून जाणाऱ्या माणसाला 'या, चहा घ्या' म्हटल्याशिवाय त्याला करमत नसे. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की तो आधी 'राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं' म्हणे, आणि मग किंमत सांगे. त्या शहरात सगळेच असं म्हणतात आणि ऐकणारेही शहाणे असतात. ते तीनदा 'नको नको' म्हणतात आणि पुढे जातात. पण हजारात एखादा असा निघतोच, की जो पहिल्या फटक्यात 'हो' म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात रास-अल-बरच्या समुद्रावर असा एक निघाला. लुत्फीच्या तोंडून 'या ना, आपलंच घर समजा' एवढंच निसटलं होतं. शेजारचा औषधांचा दुकानदार बायको, सासू आणि पोपटाचा पिंजरा घेऊन दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात हजर झाला आणि घर आपलंच समजला. सौसनने त्या सुट्टीत समुद्र पाहिला तो भांडी घासताना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

म्हणून यंदा जागा सौसन निवडणार होती. समुद्रकिनारा तिने पहिल्याच दिवशी बाद केला, कारण तिथे बस जाते. सिनाईचे डोंगरही बाद झाले, कारण तिथे लुत्फीचा मावसभाऊ नोकरीला होता. उरलं लक्झरहून अस्वानला जाणारं जहाज.

"नदीत पाहुणा येत नाही," तिने निकाल दिला.

मग कोणतं जहाज, यावर तिने प्रवास कंपनीतल्या मुलीला फैलावर घेतलं. मुलांचा पोहायचा हौद उथळ आहे का? मुलं पेंगायच्या आत जेवण मिळतं का? आणि कठड्याच्या दोन गजांमधून चार वर्षांच्या मुलीचं डोकं जातं का? कंपनीतल्या त्या मुलीला आजवर लोकांनी देवळांविषयी विचारलं होतं, नाचगाण्यांविषयी विचारलं होतं. डोक्याविषयी कोणी विचारलं नव्हतं. तिने जहाजावर फोन लावला. सौसनने लहानग्या लोजीनच्या डोक्याभोवती फीत गुंडाळून माप कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की डोकं जात नाही, आग्रहच असेल तर एक कान जाईल. सौसनने त्याच जहाजाची खोली घेतली.

लुत्फीला तिने अट घातली. एक जरी पाहुणा आला, तरी पुढच्या वर्षापासून ती आणि मुलं एकटीच सुट्टीला जाणार. लुत्फीने घरी बसावं आणि हवं त्याला बोलवावं. ती हे चिडून म्हणाली असती तर लुत्फीने हसण्यावारी नेलं असतं. पण ती हे मोज्यांच्या घड्या घालताना, अगदी शांतपणे म्हणाली. सौसन शांतपणे जे बोलते ते ती करते, हे लुत्फीला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

जहाज लक्झरहून निघालं आणि मुलं अक्षरशः वेडी झाली. सहा वर्षांचा आसिर वरच्या डेकवरून खाली आणि खालून वर धावत सुटला. जेवणघरात आचाऱ्याने पावाची सुसर करून ठेवली होती. तिच्या डोळ्यांच्या जागी ऑलिव्ह होती. लोजीनने सुसरीचं नाव 'आत्या' ठेवलं आणि तिला कोणी कापू नये म्हणून शेजारीच ठाण मांडलं. ज्या आत्यावरून हे नाव पडलं ती कैरोत होती, म्हणून बरं. सौसन हौदाकाठी आरामखुर्चीत पडली होती. कोणी चहा मागत नव्हतं. कोणी टॉवेल कुठंय विचारत नव्हतं. तिने पुस्तक उघडलं, एक पान वाचलं आणि तेच पान पुन्हा वाचलं, कारण तसं करता येत होतं.

लुत्फीचे मात्र हाल चालले होते. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला 'या ना इकडे' म्हणायला त्याची जीभ वळवळत होती. त्याने ती दातांखाली धरली. मग त्याला काठ दिसला. काठावर एक शेतकरी म्हैस धूत होता. लुत्फीने कठड्याशी जाऊन हात छातीवर ठेवला आणि ओरडला, "या हो जेवायला!"

सौसनने पुस्तकावरून मान वर केली.

"अगं, नावाड्याचं आमंत्रण आहे," लुत्फी घाईघाईने म्हणाला.

कैरोत हे आमंत्रण पोरांनाही ठाऊक असतं. नावाडी भर नदीत भाकरी खात असतो. काठावर माणूस दिसला की ओरडतो, 'या जेवायला!' काठावरचा येणार कसा? पुण्य पदरात आणि भाकरी पोटात. सौसनने शेतकऱ्याकडे पाहिलं, मधल्या पाण्याकडे पाहिलं आणि परवानगी दिली.

मग काय विचारता! मुलांना खेळच सापडला. काठावर जो दिसेल त्याला तिघं मिळून जेवायला बोलवू लागले. धुणं धुणाऱ्या बायका, गाढवावरचा म्हातारा, मासे पकडणारी पोरं, सगळ्यांना निमंत्रण गेलं. लोक हात हलवत, अल्ला बरकत देवो म्हणत. गोड बंद केलेल्या माणसाला बिनसाखरेची जिलबी मिळावी तसा लुत्फीचा चेहरा फुलला होता.

त्याच भरात त्याला आठवलं की पुढे इस्ना लागेल आणि इस्नाला अबूदैफमामा राहतात. आईचा सख्खा भाऊ. त्यांच्या दारावरून जायचं आणि साधी हाकही मारायची नाही, हे आईच्या कानावर गेलं तर काही खरं नव्हतं. त्याने फोन लावला. मुलांनी फोनला तोंडं लावून हौदाचं, सुसरीचं वर्णन केलं आणि खेळातलंच वाक्य म्हटलं, "मामाआजोबा, या जेवायला!" त्यावर लुत्फी गप्प कसा राहणार?

"खरंच या, मामा. सगळेच या. तुमच्याशिवाय घास उतरणार नाही."

मग मामांचा दक्षिणेकडचा भरदार आवाज आला. "येतो."

फोन बंद झाला. सौसन खुर्चीतून उठून उभी होती. लुत्फीने तिला समजावलं की नदीच्या मधोमध आपण आहोत, काठावर मामा आहेत, म्हणजे नावाडी मीच आहे. जहाज काही बस नाही, हात दाखवला की थांबायला.

लुत्फी कैरोचा. त्याने जन्मभर नाईल पाहिली ती पुलावरून. इस्नाला नदीवर बांध आहे, वर जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिथल्या दरवाज्याच्या आत घेऊन, पाणी भरून उचलावं लागतं आणि त्यासाठी जहाजांची रांग लागते, हे त्याला माहीत नव्हतं. अबूदैफमामांना मात्र माहीत होतं. ते त्या बांधाच्या काठीच लहानाचे मोठे झाले होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या मुलखात जेवायला बोलावणं हे जेवायला बोलावणंच असतं.

सूर्य कलताना जहाज इस्नाला पोचलं आणि थांबलं. लुत्फीने खलाशाला विचारलं, का थांबलो? खलाशाने पुढची रांग दाखवली. लुत्फी कठड्याशी पळाला आणि काठ न्याहाळू लागला.

जहाजाभोवती फेरीवाल्यांच्या वल्हवायच्या होड्या जमल्या. तिथे ही रोजचीच बाजारपेठ. ते शाली आणि चादरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन मजले वर डेकवर भिरकावतात. पसंत पडलं तर प्रवासी त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकतात, नाही तर माल परत. या गर्दीत एक होडी वेगळी होती. तिच्यात शाली नव्हत्या. मधोमध पांढऱ्या झग्यात ताठ उभे अबूदैफमामा, मागे पातेल्याला मिठी मारून मामी, वल्ह्यांवर दोन तगडे मुलगे आणि पुढच्या टोकाला पोहायच्या तयारीने आलेली नातवंडं.

"लुत्फी! जेवायला आलो रे!"

आसिर आणि लोजीन आनंदाने किंचाळली. सौसनने गजांमधलं अंतर मोजून घेतलं होतं. त्यातून डोकं जात नव्हतं, पण आमंत्रण आरामात गेलं होतं.

लुत्फी धावत व्यवस्थापकाकडे गेला. त्याने सांगितलं की रांगेत असताना कोणालाही वर घेता येत नाही, नियमच आहे. लुत्फीला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला. त्याने कठड्याशी येऊन चेहरा शक्य तेवढा दुःखी केला आणि मामांना नियम सांगितला. मामांनी मान डोलवली.

"मग आम्ही इथे जेवतो, तुम्ही तिथे जेवा. पण रिकाम्या हाताने कोण येतं?"

असं म्हणून त्यांनी शेजारच्या फेरीवाल्याला खूण केली. फेरीवाल्याचा हात वर्षानुवर्षं सरावलेला. पहिली आली ती उन्हात फुगवलेली जाडजूड भाकर, चकतीसारखी गरगरत, थेट लुत्फीच्या पोटावर. मग भाकरींची झड लागली. मग भरलेली कबुतरं आली. जिवंतपणी ती इतकी उंच उडाली असतील असं वाटत नाही. मग पिशवीत बांधलेलं अख्खं भाजलेलं बदक आलं, आसिरच्या डोक्यावरून गेलं आणि हौदात पडलं. पोहणारे बाहेर, बदक आत. मामी रश्श्याचं पातेलंही वर पाठवायला निघाल्या होत्या. मुलग्यांनी त्यांना धरून ठेवलं.

दुसरं बदक एका जर्मन आजीबाईंच्या मांडीवर उतरलं. आजीबाई शहाण्या होत्या. रांगेत थांबल्यापासून त्यांनी दोन शाली घेतल्या होत्या आणि इथली रीत त्यांना कळली होती. त्यांनी पिशवी उघडली, वास घेतला, खूश झाल्या आणि एक नोट पिशवीत घालून खाली टाकली.

मामांनी नोट पाहिली आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. आपल्या घरच्या अन्नाचे पैसे? त्यांनी नोट परत पिशवीत घातली, अपमान धुऊन काढायला सोबत आणखी एक बदक घातलं आणि वर पाठवलं. आजीबाईंना वाटलं, पैसे कमी पडले. त्यांनी मोठी नोट टाकली. नोट आणि दोन कबुतरं परत आली. हा व्यापार पाहून बाकीचे प्रवासीही कठड्याशी धावले, आणि मामांनी एका मुलाला फेरीवाल्याच्या होडीतून घरी पिटाळायची तयारी केली, कारण बदकं संपत आली होती.

लुत्फीने घाबरत घाबरत सौसनकडे पाहिलं. तिच्या केसात भाकरीचा तुकडा होता. हातात रिकाम्या पिशव्या होत्या आणि त्यांच्याकडे ती अशी पाहत होती, की जणू तिच्यावरच कोणी आळ घेतला आहे.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "लोकांचं भांडं रिकामं परत पाठवणार आहेस?"

आणि ती जेवणघराकडे पळाली. पाठोपाठ मुलं. थोड्या वेळात खाली होडीत केक पडू लागले, संत्री पडू लागली, चीजचे तुकडे पडू लागले. आचारी ओरडत वर आला. मामींनी पाठवलेलं कबूतर सौसनने त्याच्या तोंडात कोंबलं, त्याने ते चावलं, डोळे मिटले आणि परत जाऊन मोठी परात घेऊन आला. लोजीनने खूप विचार केला, आत्याचा मुका घेतला आणि पावाची सुसर गजांपाशी आणली. सुसर गजांमधून जाईना. शेवटी आसिरने ती कठड्यावरून सोडली आणि ती मामांच्या पायाशी, ऑलिव्हचे डोळे वटारून पडली. होडीतली नातवंडं नाचली. खालच्या होड्यांतल्या फेरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सौसन कठड्याला टेकून पोट धरून हसत होती. साखरपुड्यात लुत्फी खुर्चीसकट आडवा झाला होता, त्यानंतर ती अशी हसलेली त्याने पाहिली नव्हती.

"सौसन," त्याने हळूच विचारलं, "आपली अट..."

"पाहुणा कुठे आला?" ती डोळे पुसत म्हणाली. "नुसतं जेवण आलं."

लुत्फीने मनातल्या मनात पुढच्या उन्हाळ्याचं सामान बांधायला घेतलं.

इतक्यात पुढचा दरवाजा उघडला, भोंगा वाजला आणि जहाज हललं. होड्या मागे पडू लागल्या. मामी हात हलवत होत्या, मामा ताठ उभे होते. सौसनने हात छातीवर ठेवला. लुत्फीने तो पाहिला, पण त्याला उशीर झाला होता.

"मामा! मामी! आता तुम्ही आमच्याकडे या! कैरोला या, सगळे या, चांगले राहायला या!"

लुत्फी तिच्याकडे बघतच राहिला. सौसनने खांदे उडवले. जहाज सुटलं होतं, मध्ये पाणी होतं, आणि या वेळी नावाडी ती होती.

पाण्यावरून भरदार आवाज आला. "येतो!"

पुढचे दिवस सुखाचे गेले. एडफूला मुलं घोडागाडीत बसली, कोम-ओम्बोला लोजीनने देवळातल्या दगडी सुसरींना आत्याची ओळख सांगितली, अस्वानला सगळे उन्हाने तांबूस होऊन उतरले. सौसनने पुस्तक संपवलं. जर्मन आजीबाईंनी निरोप घेताना तिला एक शाल दिली आणि खुणांनी विचारलं की ती बदकं कोणत्या दुकानात मिळतात.

परतीला कैरोची आगगाडी होती. सौसन खिडकीशी बसली होती, मुलं तिच्या मांडीवर आडवीतिडवी पडली होती. लुत्फीचा हात हातात घेऊन ती म्हणाली की लग्नानंतरची ही पहिली खरी सुट्टी. गाडी एका स्टेशनात शिरली आणि थांबली.

अस्वानहून कैरोला जाताना आगगाडीलाही इस्ना लागतं. हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आधी दारातून पातेलं आत आलं. मग मामी, मग नातवंडं, मग गाठोडी, आणि शेवटी पांढऱ्या झग्यात अबूदैफमामा. त्यांच्या काखेत एक जिवंत बदक होतं.

"सूनबाई, एवढ्या प्रेमाने बोलावलंस," मामा म्हणाले, "म्हटलं, मान राखायला हवा. तुमची गाडी कुठली ते लुत्फीच्या आईला विचारून घेतलं."

सौसनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग चढला. लुत्फी तोंडातून चकार शब्द न काढता सरकला आणि जागा करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा पाहुणे त्याच्यामुळे आले नव्हते. तो हा क्षण बोलून वाया घालवणार नव्हता. सौसन त्याच्या कानाशी लागली.

"पुढच्या वर्षी समुद्र," ती दातांमधून पुटपुटली. "मोठं जहाज, खोल समुद्र. तिथे बांध नसतो आणि रूळही नसतात."

ती पुटपुटली खरी, पण मामांचे कान तीन मजल्यांच्या अंतरावरून ऐकायला सरावलेले होते.

"समुद्रात जाताय? वा. मी जन्मात समुद्र पाहिला नाही."

यानंतर जे झालं त्याला कोणाचाच इलाज नव्हता. लुत्फी आणि सौसन, दोघांचेही हात एकदम छातीकडे गेले.

"चला की मामा आमच्याबरोबर," दोघं एका सुरात म्हणाली.

मामांनी बदक मांडीवर नीट बसवलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.