बिनप्रेक्षकांची मॅच

नाना चौगुल्यांनी माझा मोबाईल हातात घेतला, पालथा केला, त्याच्या पाठीवर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केलं आणि तो कानाला लावला. मोबाईलमध्ये फुटबॉलची मॅच चालू होती.

"भरीव वाजंना," नाना म्हणाले. "शिळी मॅच हाय ही, बाई."

"नाना, लाईव्ह आहे. तो लाल ठिपका बघा की."

"ठिपका काय, मी बी लावतो कपाळाला."

कोरोनाचे दिवस होते. स्टेडियमला कुलूप होतं. फक्त खेळाडू, पंच आणि दोन-चार माणसं आत सोडून स्पर्धा घेतली जात होती आणि पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांनी मॅच मोबाईलवर दाखवायची सोय केली होती. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला याचं गांभीर्य कळायचं नाही. आमच्या पेठेत लग्नाची तारीख काढताना आधी त्या दिवशी आपल्या तालमीची मॅच नाही ना, हे बघतात. अशा पेठेला घरात बसून मॅच बघा म्हटल्यावर निम्मी माणसं चिडली आणि निम्मी रडकुंडीला आली. नानांना मात्र संशय आला.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तेव्हा ऑनलाईन तास घेत होते, त्यामुळं आमच्या बिल्डिंगमध्ये बरा मोबाईल आणि पुरेसं नेट माझ्याकडंच होतं. नाना खालच्या मजल्यावर राहायचे, त्यांचा फोन बटणाचा. मॅचच्या दिवशी पावणेचारला ते मास्क लावून वर यायचे आणि माझ्या गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे.

संशय हा नानांचा स्वभाव नव्हे, धंदा होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी आयुष्यभर कास्टिंग तपासलं. हातात छोटी हातोडी घेऊन लोखंडाच्या प्रत्येक नगावर एक ठोका मारायचा आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर आत चीर आहे किंवा पोकळी आहे, नग बाजूला. "वरनं सगळं गुळगुळीतच असतंय बाई, आत काय हाय ते कळाय पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिटायर झाल्यावर हातोडी कंपनीत राहिली, ठोके मात्र नाना घरी घेऊन आले. गॅसचं सिलिंडर, नारळ, नवीन दार, सगळं वाजवून घ्यायचे. मुलीला बघायला कुरुंदवाडचं स्थळ आलं, तर नानांनी होणाऱ्या जावयाच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि खोकायला लावलं. त्यांच्या बायको मालूकाकू सांगतात, जावई अजूनही घरात शिरताना नानांकडं पाठ करत नाही.

तर अशा माणसाला म्हणे मोबाईलवरची मॅच खरी माना.

त्यांचा पहिला आक्षेप आवाजावर होता. प्रेक्षक नसल्यामुळं पायानं बॉल मारल्याचा धप्प आवाज येत होता, खेळाडू एकमेकांना हाका मारत होते तेही ऐकू येत होतं.

"तीस वर्सं जातोय मी. स्टेडियमात बॉलचा आवाज कवा ऐकलाय कुणी? खोलीत बसून भरल्यात ह्यो आवाज."

मग सावल्या आल्या. एके दिवशी नानांनी माझी केरसुणी गॅलरीत उभी केली आणि तिची सावली आणि गोलपोस्टची सावली ताडून बघू लागले. सावल्या जुळल्या. त्यामुळं ते जास्तच अस्वस्थ झाले. "हुशार माणसं हायत," एवढंच म्हणाले.

पुढच्या मॅचला ते वर आलेच नाहीत. स्टेडियम आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. साडेचारला त्यांचा फोन आला.

"बाई, मी गेटवर हाय. वॉचमन म्हणतोय एक-शून्य झालं. तुमच्यात किती?"

मी मोबाईल बघितला. शून्य-शून्य. तसं सांगते तोवर माझ्या पडद्यावर आमच्या केशरी जर्सीवाल्यानं गोल मारला.

नाना विजयी मुद्रेनं परत आले. "बघितलासा? वॉचमनला आधीच म्हायती! ठरलेलं हाय सगळं."

मी विज्ञानाची शिक्षिका. चित्र कॅमेऱ्यातून निघून आपल्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, हे कागदावर आकृती काढून समजावलं. नानांनी ते सगळं ऐकून घेतलं. खराब माल आणणाऱ्या सप्लायरचं ते असंच ऐकून घेत असणार.

"बरं," ते म्हणाले, "खरं त्या मधल्या येळात काय करत्यात त्ये?"

एवढा संशय असेल तर मॅच बघायची कशाला, असं मला वाटायचं. पण एकही मॅच ते चुकवत नव्हते. आमच्या तालमीची नसली, तरी पलीकडच्या पेठेतल्या जांभळ्या जर्सीवाल्यांची बघायला हमखास यायचे. ते तर आमचे पिढीजात वैरी. मग मलाही संशय येऊ लागला.

त्यात एक दिवस त्यांचं लक्ष पडद्याच्या खालच्या भागाकडं गेलं. "ही खाली काय पळालंय?"

"लोक लिहितात नाना. मॅच बघता बघता."

"वाचा की."

मी वाचू लागले. 'एकच नंबर.' 'अरे पास दे की.' नाना डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक वाक्याला विचारायचे, "कोण?" मी नाव सांगितलं की म्हणायचे, "फुडं." तेव्हापासून मॅच बघायचं त्यांनी जवळजवळ सोडलंच. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. आता फुटबॉलचा प्रेक्षक काय काय लिहितो ते सगळं बाईमाणसानं मोठ्यानं वाचण्यासारखं नसतं. पंचाच्या घरच्यांची विचारपूस आली की मी ती वगळायची. नाना लगेच डोळे उघडायचे.

"मधलं कायतरी गाळलासा."

"नाना, घाण लिहिलंय."

"असू दे. कुणी लिवलंय तेवढं सांगा."

"कशाला पण?"

"माणसं खरी हायत का खोटी, ते बघाय नगं?"

एक दिवस काकूंनी मला जिन्यात गाठलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण ते पुरेसे होते. "बाई, खरं सांगा. कुणाला हुडकालाय ह्यो माणूस? रोज इचारतोय, आज कोण कोण आलतं. ह्या वयात कोण हाय ती?"

"काकू, तिथं सगळे बाप्येच असतात."

"मग तर आनीच इचार करायची पाळी," म्हणून काकू खाली गेल्या.

उलगडा झाला तो जांभळ्यांच्या एका मॅचला. मी वाचत होते. "'ह्या रेफ्रीपरास आमची म्हस बरी, तिला दिसतंय तरी.'"

नाना ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. "कुणी लिवलं? नाव वाचा!"

"किंग ऑफ कोल्हापूर. सिंहाचा फोटो आहे."

"वय काय असंल?"

मी त्या नावावर बोट ठेवून त्याचं पान उघडलं. आतल्या फोटोत कॉलेजचा गणवेश घातलेला कुणीतरी पोरगा होता. नानांनी खुर्ची उचलून सरळ केली आणि हळूच बसले.

"न्हवं. त्यो न्हवं," ते म्हणाले. "खरं हे वाक्य त्येचं हाय."

"कुणाचं नाना?"

 मॅच संपली, मी चहा केला, तेव्हा नाना बोलले.

स्टेडियमात आमच्या पेठेची माणसं एका बाजूला बसतात, जांभळ्यांची शेजारच्या बाजूला. मध्ये एक बुटका कठडा. आमच्या बाजूच्या शेवटच्या जागेवर नाना, त्यांच्या बाजूच्या पहिल्या जागेवर कोडोलीचा एक म्हशीवाला. मामाचं घर त्या पेठेत म्हणून तो जांभळा. पहिल्या दिवशी त्यानं नानांना म्हटलं, "पावणं, सरका की जरा." नाना म्हणाले, "तुमीच सरका पावणं." त्यानंतर तीस वर्षं कुणीच सरकलं नाही. प्रत्येक मॅचला भांडण. एकदा तर त्यानं नानांची चप्पल मैदानात फेकली होती. पण येताना तो घरच्या भाजलेल्या शेंगा आणायचा, कठड्यावर ओतायचा आणि दोघं भांडत भांडत संपवायचे.

"नाव काय त्यांचं?"

"पावणं."

"फोन नंबर?"

"कशाला लागतोय? त्यो हितं, मी हितं." नानांनी दोन तळवे वीतभर अंतरावर धरून दाखवले. मग ते तसेच धरून बसले. "वरीस झालं, बाई. कोडोलीत लई माणसं गेली म्हणत्यात. मी म्हटलं, असला तर लिवल्याबिगर ऱ्हायचा न्हाय त्यो. गप बसायची सवयच न्हाय."

पुढच्या मॅचला मीच नानांच्या वतीनं लिहिलं. शब्द त्यांचेच होते. 'कोडोलीचे पावणं, जांभळेवाले, शेंगावाले. हायसा का? नाना, केशरीवाले.'

धो धो उत्तरं आली. 'आमी बी कोडोलीचं, शेंगा न्हाईत खरं.' 'केशरीवाल्यांना जांभळ्यांत पावणं कधीपासनं?' माईकवर मॅचचं वर्णन करणाऱ्यानंही ते वाचून दाखवलं आणि हसला. नाना हसले नाहीत. मॅच संपेपर्यंत त्या पळणाऱ्या अक्षरांकडं बघत राहिले.

खरं उत्तर चार दिवसांनी आलं, मी लिहिलेल्या ओळीखाली. 'मी स्नेहल, कोडोली. बहुतेक आमचे मामंजी असतील ते. त्यांना वाचून दाखवलं तर उठून बसले.' खाली फोन नंबर.

नानांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी काळवंडला. "कशावरनं? फ्रॉड असंल. आता बँकेचा नंबर मागंल बघा ही."

तरी फोन त्यांनीच लावला. स्पीकरवर. स्नेहलनं सांगितलं, मामंजी महिनाभर दवाखान्यात होते, आता घरी आहेत, छातीत दम नाही, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून सांगितलंय.

"फोन द्या त्यांच्याकडं," नाना कडक आवाजात म्हणाले. "माझी चप्पल कुणी फेकली सांगा म्हणावं."

पलीकडं खरखर झाली. मग एक आवाज आला, वाऱ्यानं पान हललं तर होईल तेवढा.

"मीच... आन आनून बी... मीच दिलती."

नानांनी फोन टेबलावर ठेवला, गॅलरीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "त्योच हाय," मला म्हणाले. मग फोनवर वाकून ओरडले, "वरीसभर कुठं गेलतासा पावणं? माणसानं समजायचं काय?"

त्यानंतर मॅचला आम्ही तिघं असायचो. माझ्या मोबाईलवर मॅच, नानांच्या बटणाच्या फोनवर कोडोली. पावणं बोलायचे थोडं. नाना त्यांच्या वाटणीचंही भांडण स्वतःच करायचे.

मग सेमीफायनल आली. केशरी विरुद्ध जांभळे. सगळी पेठ आपापल्या घरात मोबाईल धरून बसली होती. गल्ली इतकी शांत की खालच्या घरातला पंखा ऐकू येत होता. शेवटची दहा मिनिटं, शून्य-शून्य. जांभळ्यांनी एकदा बॉल खांबावर मारला तेव्हा फोनमधून पावण्यांचा आवाज फुटायला गेला आणि त्याचा खोकला झाला. बराच वेळ थांबेना. "मामंजी, ओरडायचं नाही म्हटलंय ना," स्नेहल म्हणत होती. नाना मॅचकडं बघतच नव्हते. खोकला थांबेपर्यंत ते त्या छोट्या फोनकडं बघत होते.

आणि जांभळ्यांनी गोल मारला.

गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून एकदम "अर्रर्र" आलं. फोनमधून काहीच आलं नाही. नुसता घशात अडकलेला एक घोगरा आवाज, पुढं येऊ न शकणारा.

नाना उठले. फोन हातात घेतला, मास्क ओढून खाली केला, गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवलं आणि पेठ हादरेल अशा आवाजात ओरडले, "आलं रं! जांभळं! लई भारी! एकच लंबर जांभळं!"

खिडक्या उघडल्या. माणसं बाहेर आली. खाली तालमीची चार माणसं वर बघत उभी राहिली.

"नाना, डोस्कं फिरलं काय?"

नाना पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले. फोन त्यांनी तोंडासमोर धरला होता. आवाज चिरकला तरी थांबेनात. काकू धावत वर आल्या आणि दारातच थांबल्या.

शिट्टी झाली. केशरी हरले. नानांनी फोन कानाला लावला. "पावणं?"

स्नेहलचा आवाज आला. "सगळं ऐकलं त्यांनी, काका. हसले खूप. डोळ्यातनं पाणी आलं. आत्ताच डोळा लागलाय."

"झोपू दे," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उठवू नका."

खालून कुणीतरी अजून विचारत होतं, नाना, नक्की कुठल्या पेठेचं हायसा तुमी? किती वर्सं चाललंय हे?

"मी सांगू का त्यांना?" मी विचारलं. नानांनी मान हलवली. नको.

पुढचे चार दिवस नानांचा घसा पार बसला होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर ते आले की तालमीची माणसं ग्लास घेऊन दुसरीकडं सरकायची, आणि नानांना आपली बाजू मांडायला आवाजच नव्हता. ते एकटेच चहा प्यायचे, मग माझ्या दारात येऊन उभे राहायचे आणि हातानं खूण करून विचारायचे, मॅच कधी?

केशरी तर स्पर्धेतून बाहेर गेले होते. उरली होती ती फक्त जांभळ्यांची फायनल.