कोश्याचा मुलूख

नवा माणूस भेटला की सोमामामा त्याचं नाव विचारत नाहीत. "तुमच्याकडं कोसा होते का गा?" एवढंच विचारतात. होतो म्हटलं तर माणूस आपला. नाही म्हटलं तर त्याला चहासुद्धा अर्धाच मिळतो.

कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोष. आमच्या नवेगाव बांधच्या या शेजाऱ्यानं उभी हयात ऐनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पाळण्यात घातली. अळ्या झाडावर असतात त्या दिवसांत व्रत म्हणून मामा दाढी करत नाहीत, मासोळीला शिवत नाहीत, तेही तळ्याकाठी राहून! जिथं कोश्याचं ते मोठं तपकिरी पाखरू उडतं तेवढाच त्यांचा देश: भंडारा, गडचिरोली, बस्तर, पार झारखंडापर्यंत. "त्याच्या बाहेर काई नाई. ओसाड."

लेक सुनंदा नेमकी त्या ओसाडीत, पुण्यात पडली. मामी गेल्या तशी ती सारखी फोन करायची, "बाबा, इकडंच राहायला या." मामा ऐकेनात. शेवटी म्हणाले, "मादी नेऊन पायतो. तिच्या वासानं नर आला, त राईन."

फुटायला आलेले कोसे पिशवीत घालून मामा खरंच पुण्याला गेले. मादी निघाली, तिला गॅलरीत दोऱ्यानं बांधली. आठवड्यात मामा परत. "नर नाई आला," पानठेल्यावर त्यांनी जाहीर केलं. आम्ही पोट धरधरून हसलो.

मग सुनंदाचा मला फोन आला. "दादा, नर आला होता. पहाटे बाबा त्याला टॉवेलनं हाकलून राहिले होते. मी दारातून पाहिलं." तिला हुंदका आवरेना. "आन् मी गप्प राहिली."

मी तसाच मामांकडे गेलो. रिकाम्या घरात एकटेच भात कालवत बसले होते.

"मामा, खरंच नाही आला?"

त्यांनी भाताचा घास उचलला.

"आला होता गा. पर एका खोलीचं घर. माह्यासाठी पोरीनं पलंग सोडला, जावई ओट्यापाशी पाय मुडपून झोपे. नर आला म्हटलं असतं, त तिनं मले येऊ देलं नसतं."

घास हातातच राहिला होता.

"सुनंदाले सांगू नोको. तिले वाईट वाटंन."

"नाही सांगत," मी म्हटलं.