हातासकट पेन

नकला विभागाच्या हेडक्लार्कनं आयुष्यात कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता. घरात खिळे बायको ठोकत असे. हा खाली उभा राहून "जरा डावीकडे" म्हणत असे. अशा माणसानं साहेबांच्या निवृत्तीच्या बैठकीत, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं जवळजवळ ठरलेलं असताना उभं राहून सांगितलं, "घड्याळ नको. मी स्वतःच्या हातानं लाकडी पेन करून देतो."

याला कारण होता डबा खाताना मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ. त्यात एक म्हातारा लेथवर लाकूड फिरवून चार मिनिटांत पेन काढतो. (व्हिडिओ चार मिनिटांचा होता. पेनाला किती वेळ लागला, ते त्यात सांगितलेलं नव्हतं.) खरं कारण वेगळंच होतं. बावीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढूनही "साहेब, सही हवी होती" याच्यापुढे तो त्यांच्याशी एक वाक्य बोलला नव्हता. साहेबही "हं" याच्यापुढे गेले नव्हते. आता महिना उरला होता, आणि तोंडानं काही जमेल अशी आशा त्यानं सोडली होती.

शिवणयंत्राच्या आकाराचा जुना लेथ घरी आला आणि जागेअभावी बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर बसला. बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर घासणं आणि चकाकी आणणं हाच तिचा धंदा. लेथ पाहून ती एवढंच म्हणाली, "चष्मा लावून बसा. आणि कपडे धुवायला टाकले असतील तेव्हा चालवू नका."

पहिला तुकडा उभा चिरला. दुसरा मधोमध तुटला. तिसऱ्याच्या वेळी खालचं मशीन कपडे पिळायला लागलं (ते त्यानंच लावलं होतं), आणि तुकडा दोरीवरच्या चादरीला भोक पाडून पलीकडे गेला. सहाव्या तुकड्यापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर भुसा होता आणि पेन कुठेच नव्हतं.

एका रविवारी बायको बाजारात गेली असताना खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वर आले. हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"रोज मशीनचा आवाज येतो तुमच्याकडून."

"माफ करा हं. त्रास होत असेल."

"छे हो! घरच्या घरी सुरू केलंत, सोय झाली. माझाही एक सेट करून द्याल?"

हेडक्लार्कला भरून आलं. पहिलं गिऱ्हाईक! "देईन की. कसा हवा? बारीक की जाड?"

"मापाचा हवा. आत्ताचा टोचतो."

"शिसवी लाकडाचा करू? काळाभोर दिसतो अगदी."

"काळाभोर?" मास्तर म्हणाले. "लाकडाचा?"

"मग! जन्मभर टिकेल. फक्त तोंडात घालू नका, पॉलिश जातं."

मास्तरांनी पुरचुंडी सोडता सोडता पुन्हा घट्ट बांधली. आत त्यांची कवळी होती. "वहिनी आल्या की येतो," म्हणत ते सत्तराव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले.

बाराव्या तुकड्याचं मात्र पेन झालं. जरा जाड होतं, पण लिहीत होतं. निरोप समारंभाच्या सकाळी बायको कामावर गेल्यावर त्यानं ते चकाकावं म्हणून, व्हिडिओतल्या म्हाताऱ्यासारखा, झटक्यात चिकटणाऱ्या गमाचा शेवटचा हात दिला. तेवढ्यात ऑफिसातून टायपिस्टबाईंचा फोन आला.

"पेन झालं ना?"

"झालं. हातातच आहे."

फोन ठेवला तरी ते हातातच होतं. अंगठा आणि दोन बोटं त्याला पक्की धरून बसली होती. गरम पाणी झालं, साबण झाला, तेल झालं. बायको काम करताना फोन उचलत नसे. शेवटी तो तसाच निघाला. बसमध्ये दोघांनी त्याला फॉर्म भरून द्यायला सांगितले.

समारंभात त्याची पाळी आली. त्यानं हात पुढे केला. साहेबांनी पेन धरलं आणि ओढलं. पेनाबरोबर हेडक्लार्कही एक पाऊल पुढे आला.

"सोडा," साहेब हळूच म्हणाले.

"सुटत नाही, साहेब."

माइक चालू होता. शब्द सगळ्या सभागृहात गेले. साहेबांनी पुन्हा ओढलं.

"अहो, सोडा आता."

"नाही सुटत, साहेब!" वेदनेनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

टायपिस्टबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बावीस वर्षांचं नातं आहे, सुटेल कसं!" आणि टाळ्या पडल्या. बावीस वर्षांत ज्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, त्या साहेबांनी हेडक्लार्कला मिठी मारली. तेव्हा त्यानं त्यांच्या कानात खरी गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, "हं." पण मिठी लगेच सोडली नाही.

दोघं रिक्षानं लॅबमध्ये गेले. बायकोनं नवऱ्याचा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आधी काय वाचवू? बोटं की पेन?"

"पेन," साहेब म्हणाले.

तिनं अ‍ॅसिटोन लावून बोटं सोडवली. पेनाची चकाकी गेली होती, ती कवळ्यांच्या चाकावर धरून दोन मिनिटांत परत आणली. साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि जाताना हेडक्लार्ककडे वळून एक अख्खं वाक्य बोलले, "माझ्यासाठी आजवर कुणी हातानं काही केलं नव्हतं." हेडक्लार्क त्या वाक्यावर तीन आठवडे तरंगत होता.

मग एके संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"आत्मचरित्र लिहायला घेतलंय. तुमच्याच पेनानं."

"वा, साहेब! कुठवर आलं?"

"चौथी पास झालोय. आता रिफिल संपली. हे उघडायचं कसं?"

पेनाचे भाग निखळू नयेत म्हणून हेडक्लार्कनं आतून सगळीकडे गम भरला होता. रिफिल कधीतरी संपते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "चौथीपर्यंत ठेवलं तर नाही का चालणार?"

पलीकडून "हं" आलं. मग साहेब म्हणाले, "वहिनींना फोन द्या."