भोंगावाल्याचा हुद्दा

मंदीच्या वर्षी जबलपुरातल्या एका कौलांच्या कारखान्यात माणसं जास्त झाल्याचा शोध लागला. कौलं कमी खपतात, त्या अर्थी माणसं जास्त आहेत, असं मुख्य कचेरीने कलकत्त्याहून तारेने कळवलं. मॅनेजरसाहेबांना ते तत्काळ पटलं, कारण तारेत त्यांचं नाव नव्हतं.

जास्त नेमकं कोण, हे पाहायला साहेब हातात घड्याळ घेऊन कारखानाभर हिंडले. दीक्षितपुऱ्यातले आमचे शेजारी अंबादासकाका सकाळी साखळी ओढून भोंगा वाजवत आणि संध्याकाळी पुन्हा वाजवत. मधल्या वेळात ते भोंग्याखाली बसून असत. साहेबांना ते मधल्या वेळात सापडले.

भोंगावाल्याचा हुद्दा रद्द झाला. तो चुकून पुन्हा उगवू नये म्हणून हुकुमात एक कलमही घातलं: यापुढे जो साखळीला हात लावील तो भोंगावाला समजला जाईल, आणि भोंगावाल्याची जागाच नसल्यामुळे तोही घरी जाईल.

दुसऱ्या दिवशी मजूर सवयीने कामावर आले. संध्याकाळ झाली, पण भोंगा झाला नाही. भोंग्याशिवाय बाहेर सोडायला फाटक उघडायचं नाही हा जुना नियम, आणि फाटकावरचा बळीराम नियमाला पक्का.

"अरे, सूर्य बुडाला ना," कचेरीतले बडेबाबू बाबाराव म्हणाले.

"बुडाला असंल बाबूजी. भोंगा कुठं झाला?"

"मग ओढ साखळी."

"मी काहून ओढू? मला नोकरी नाही करायची का? तुम्हीच ओढा."

बाबारावांनी साखळीकडे पाहिलं आणि त्यांना कचेरीतलं महत्त्वाचं काम आठवलं. शेवटी खुद्द साहेबांनी हात वर केला, कलम आठवून तो तसाच डोक्याकडे नेला आणि टोपी नीट केली.

सगळे आतच राहिले. बायका भिंतीवरून डबे देऊ लागल्या. आत दुसरा उद्योग नसल्यामुळे मजूर कौलं करत सुटले आणि कौलांचे डोंगर झाले. कलकत्त्याहून अभिनंदनाची तार आली: एक माणूस काढल्याने एवढं काम वाढतं, तर निम्मे काढा. निम्मे काढले. पण काढलेल्यांना बाहेर जायलाही फाटकच उघडायला हवं होतं. ते कौलांच्या ढिगावर बसून उरलेल्यांच्या कामात चुका काढू लागले. पुढच्या तारेत साहेबांचा हुद्दा गेला.

"जरा सरको भाई," म्हणत साहेबही ढिगावर येऊन बसले.

मग बाबाराव शिडी लावून भिंतीवर चढले. बाहेर अख्खा मोहल्ला जमला होता.

"अंबादासजी, तोंडानेच वाजवून द्या ना. साखळीला हात नाही, कलमाला धक्का नाही."

"वाजवतो. पहिले नोकरी परत द्या."

"हुद्दाच नाही, तर नोकरी कशावर देऊ? हौस म्हणून वाजवा."

"वा," काकांच्या बायको सत्यवतीकाकू म्हणाल्या. "तुम्ही पगार घेऊन भिंतीवर बसा अन् यांनी हौस करावी."

"काकू, असं काय करून राहिल्या?" माझी आई म्हणाली. "आमची माणसं आत आहेत. तुमचं काय, तुमचे तर घरीच आहेत."

काकू बाजूला सरकल्या. काकांनी तोंडाभोवती हात धरले आणि असा भोंगा काढला की झाडावरची वानरं पळाली. बळीरामने फाटक उघडलं. सगळ्यांत पुढे साहेब धावत होते.

काकांना हार घातला गेला आणि 'मानद भोंगावाला' ही पदवी मिळाली. त्यानंतर कैक वर्षं ते दोन्ही वेळा भिंतीबाहेर उभे राहून भोंगा काढत. त्यावर मोहल्ल्यातली घड्याळं लागत. एखाद दिवशी जरा वेळ झाला, की आम्हीच कुरकुरत असू, "काका आजकाल कामात ढिले पडून राहिले."

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. सगळे पोट धरून हसतात, तो आवाज काढून दाखवा म्हणतात. एवढी वर्षं अंबादासकाकांच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही विचारलंत.