पितांबरभाईंची विलायती बुडी

तापीकाठच्या त्या गावात पितांबरभाई पाटलांइतका दम दुसऱ्या कोणाच्या छातीत नव्हता, आणि हे सांगायला पितांबरभाई स्वतः कायम हजर असत! नदीत कोणाचा तांब्या पडो, कोणाची नथ पडो, पितांबरभाई धोतर खोचून बुडी मारत. काठावरची माणसं विडी पेटवत, ओढत, विझवत, मग घाबरत. तेवढ्यात पाण्यातून हात वर येई. हातात तांब्या! हातामागून मिशा वर येत, त्याही पिळलेल्या!

त्या पौषात त्यांचा मेव्हणा शांतीलाल विलायतेहून पहिल्यांदाच घरी आला. भरीत-भाकरी खाता खाता तो म्हणाला, "दाजी, तिकडे लोक हौसेने समुद्राच्या तळाशी जातात. पाठीला हवेची टाकी, अंगात रबराचा सूट. पाणी असं गार, की आपली बोटं आपली वाटत नाहीत!"

"आणि काढून काय आणतात?"

"काही नाही. बघून येतात."

"रिकाम्या हाताने?" पितांबरभाईंचा घास हातातच राहिला. "अरे, मग तिकडे माणूसच नाही! मी येतो. दाखवतो त्यांना तापीचं पाणी!"

शांतीलाल चाचरला. "पण दाजी, बोटीचं भाडं, गरम कपडे, त्या टाकीचा खर्च... यंदाची अख्खी केळी जाईल."

"जाऊ दे!"

हे ऐकून चुलीजवळच्या रंजनाबाईंची तव्यावरची भाकरी करपली. केळीच्या पैशातून वरच्या शेतापर्यंत पाण्याचे पाइप न्यायचे, हे नवरा-बायकोचं दिवाळीतच ठरलं होतं. पण त्या भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुमले जानं शे ते जा. पन पह्यले आठेच गार पानीमा बसीसन दखाडा. तठे जाईसन हुडहुडी भरनी, ते केळीबी गई आनि इज्जतबी!"

"बसून? बुडून दाखवतो!"

झालं! पितांबरभाईंनी तयारी सुरू केली. शहाद्याच्या टायरवाल्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून, चिकटवून एक सूट बनवला. गडी धुडकू बैलगाडी घेऊन नंदुरबारला गेला आणि बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या भुशात झाकून निघाला.

आता, त्या काळी एवढा बर्फ एकाच कामासाठी लागे. माणूस गेला, आणि लेक-जावई लांबून येईपर्यंत ठेवायचा असला, की!

लोणखेड्याच्या फाट्यावर शाळेचे मास्तर उभे होते. पुण्याकडचे, नवेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "बर्फ कुणासाठी हो?"

"पितांबरभाईसाठे."

"अरेरे! काय झालं त्यांना?"

धुडकूच्या तोंडात तंबाखू होती. तो जेमतेम एवढंच म्हणाला, "पानीमा बुडाले..." आणि बैल पुढे निघाले.

अहिराणीत 'बुडाले' म्हणजे बुडी मारायला. मास्तरांच्या मराठीत 'बुडाले' म्हणजे संपलंच! त्यांनी टोपी काढली आणि तडक पितांबरभाईंच्या बहिणीचं, तापीबाईचं घर गाठलं. तिचं सासर लोणखेड्याचंच!

इकडे परसातल्या हौदात बर्फ पडला. कोहळा उशीच्या खोळीत भरावा तसं शांतीलालने पितांबरभाईंना सुटात भरलं. पितांबरभाईंनी "जय तापीमाता!" म्हणून उडी मारली आणि फुग्यासारखे वर तरंगू लागले! सुटात हवा अडकलेली. खाली ढकलावं तर डोकं खाली आणि पाय वर! शेवटी शांतीलालने कमरेला दोराने जात्याची तळी बांधली, तेव्हा कुठे ते हौदाच्या तळाला टेकले. पाण्यावर फक्त नाक, मिशा आणि अभिमान!

"कसं वाटतंय दाजी?"

"उ... उ... उकडतंय!" पितांबरभाई म्हणाले. दात मात्र खळ्यात मळणी चालल्यासारखे वाजत होते.

इतक्यात पुढच्या ओट्याकडून हंबरडा आला. "मन्हा भाऊ वं! मन्हा वाघ वं!"

तापीबाई गाडीभर माणसं घेऊन आली होती. तिने रंजनाबाईंना मिठी मारली. रंजनाबाईंना वाटलं, हिच्याच घरी कोणी गेलं, म्हणून भावाला हाका मारते! म्हणून त्याही गळा काढून रडू लागल्या. मग काय, सगळ्यांचीच खात्री पटली! काय झालं ते बघायला शांतीलाल पुढे धावला, तर चार म्हाताऱ्यांनी त्याला छातीशी धरून असा दाबला, की बोलायला त्याला श्वासच उरेना.

पितांबरभाई परसात एकटेच. कमरेला दगड, गुडघे रबरात ताठ. हाक मारणार, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "काय मानूस व्हता! असा दम तालुक्यात नही!"

पितांबरभाईंनी तोंड मिटलं. जरा ऐकू तरी!

"गरिबाचा तांब्यासुद्धा काढून द्यायचा. कधी पैसा घेतला नाही."

पितांबरभाईंची छाती फुगली. सूट करकरला. थंडी कुठल्या कुठे गेली! अजून थोडं ऐकू, मग सांगू की आपण जिवंत आहोत. घाई काय आहे?

तेवढ्यात शेजारच्या गावचे इंद्रसिंग म्हणाले, "सगळं खरं. पण पुरात डोहात पडलेला तो इंजिनाचा पंप मात्र त्याने नाही काढला. तो आमच्या भावाने काढला."

हौदात खळबळ झाली. दोर तटकन तुटला आणि परसाच्या दारात एक काळीकुट्ट, चकाकती आकृती उभी राहिली! ओठ निळे, मिशांवर बर्फाचे कण, अंगभर भुसा!

"साफ खोटं! पंप मी काढला!"

माणसं अशी पळाली, की ओट्यावर नुसत्या चपलांचा ढीग उरला. इंद्रसिंग कडब्याच्या गंजीवर चढले आणि वरून हात जोडून ओरडले, "तूच काढलास बाबा! पंप तूच काढलास! तो डोहसुद्धा तूच खणलास!"

पळाली नाही ती फक्त तापीबाई. तिने सरळ येऊन भावाच्या गालावर एक ठेवून दिली. "जित्ता शे? मंग माले रडाले काब लावनं रे?" आणि पुन्हा त्याच्याच गळ्यात पडून रडली. त्याचे हात हातात घेतले, ते गारठलेले लागले, तेव्हा घाबरून पदरात धरून चोळत बसली. पितांबरभाईंनी एक हात सोडवून घेतला आणि ओल्या रबरी बाहीनेच तिचे डोळे पुसले.

सूट कात्रीने कापून काढावा लागला. पळालेल्यांना समजावून परत आणलं आणि सगळ्यांना पिठलं-भाकरी जेवू घातली. संध्याकाळी शेकोटीशी, चार गोधड्यांच्या आतून पितांबरभाईंनी विचारलं, "शांतीलाल, तिकडे मी खरोखर बुडालो, तर किती माणसं येतील रे?"

शांतीलालने प्रामाणिकपणे विचार केला. "मी येईन, दाजी. सुट्टी मिळाली तर."

"मग नाही परवडत," पितांबरभाई म्हणाले. "वरच्या शेताला पाणी नेऊ."

रंजनाबाईंनी शेकोटीत आणखी दोन जाड लाकडं सारली.

चैत्र लागल्यावर शांतीलाल परत निघाला. नंदुरबारच्या फलाटावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पितांबरभाईंनी निरोप दिला, "तुझ्या त्या विलायतवाल्यांना सांग, आमच्या दाजींना सवड नाही. थंडीचा प्रश्नच नव्हता, म्हणावं!"

आजूबाजूची माणसं घामाघूम होऊन उपरण्याने वारा घेत होती. पितांबरभाईंच्या अंगात दोन स्वेटर होते, कानाला मफलर होता, आणि पाणक्याने माठातलं गार पाणी पुढे केलं, तेव्हा ते पटकन दोन पावलं मागे सरकले!